खालची जागा

लग्नसराईचे दिवस डोळ्यांसमोर आणा. तुमसरहून सिहोऱ्याच्या पुढे निघालात की बपेरा लागते. पलीकडे बावनथडी, आणि नदीपल्याड मध्य प्रदेश. अशा सीमेवरच्या गावात सोयरिकी दोन्ही राज्यांत असतात. वऱ्हाड अलीकडचे, मांडव पलीकडचा; किंवा उलट. बोलीत थोडा फरक, जेवणात थोडा फरक. पण एक गोष्ट नदीच्या दोन्ही काठांवर अगदी सारखी सापडते, ती म्हणजे मानपान. पंगत बसली की मामांना पुढे बसवले की नाही, मोठ्या जावयाला आधी वाढले की नाही, कोणाचे नाव पत्रिकेत खाली गेले, कोणाला टोपी-दुपट्टा द्यायचा राहिला, ह्यावरून भरल्या मांडवातून माणसे उठून जातात. वरणभात तसाच राहतो आणि रुसवा मात्र दहा वर्षे टिकतो.

अशाच एका जेवणाची गोष्ट ख्रिस्ती शुभवर्तमानात आहे. लूकने ती सांगितली आहे. एका प्रतिष्ठित माणसाच्या घरी येशूला जेवायला बोलावले होते. येणारे पाहुणे मानाच्या जागा कशा धरीत आहेत, हे येशू बसल्या बसल्या पाहत होता. मग त्याने त्यांना दाखला दिला. त्याचा आशय असा : कोणी लग्नाला बोलावले तर आपणहून वरच्या जागी बसू नका, तुमच्यापेक्षा मोठा पाहुणा आला म्हणजे यजमान तुम्हांला उठवील आणि सर्वांदेखत खाली सरकावे लागेल. शेवटच्या जागी बसा. यजमानाला वाटले तर तोच वर बोलावील.

वरवर पाहिले तर ही पंगतीतल्या शहाणपणाची गोष्ट वाटते. एखादा म्हणेल, ‘ही तर मान मिळवायची युक्ती झाली!’ पण येशू तेथे थांबला नाही. तो यजमानाकडे वळला आणि म्हणाला की, जे तुला परत बोलावतील अशा श्रीमंत शेजाऱ्यांना जेवायला घालू नकोस. ज्यांच्याकडून काही परत यायचे नाही अशा गरीब, लंगड्या, आंधळ्या माणसांना बोलाव. म्हणजे खाली बसणे ही युक्ती नव्हे. कोण कोठे बसणार ह्याचा हिशेबच बदलून टाकायचा, असे त्याला सांगायचे आहे. आजच्या भाषणात ह्या ‘खालच्या जागे’चा विचार करावयाचा आहे. ख्रिस्ती धर्मात नम्रता हा सद्गुण कसा समजला जातो आणि रोजच्या जगण्यात, शेतावर, शाळेत, ग्रामपंचायतीत, तो कसा आचरता येतो, हा आपला विषय.

आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत हे मला ठाऊक आहे. पण सद्गुण हा काही कोणा एकाचा मक्ता नाही. तुकोबांनी देवाजवळ लहानपण मागितले. पंढरीच्या वाटेवर एक वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, तो दुसराही लगेच ह्याच्या पाया पडतो. वय विचारीत नाहीत, जात विचारीत नाहीत. त्यामुळे मी काही नवखी गोष्ट सांगतो आहे असे कृपा करून समजू नका.

आधी शब्दच पाहू. आपला ‘नम्र’ हा शब्द ‘नम्’ म्हणजे वाकणे ह्या धातूपासून आला. इंग्रजीत नम्रतेला जो शब्द आहे त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि तेथे ‘हुमुस’ म्हणजे जमीन, माती. शेतकऱ्याला हा शब्द पटकन कळेल. माती सर्वांच्या पायाखाली असते आणि सर्वांना तीच पोसते. परंतु जुन्या ग्रीक आणि रोमन जगात ‘खालचा’ ह्या शब्दाला मान नव्हता. खालचा म्हणजे हीन, गुलामाच्या लायकीचा. शौर्य, न्याय, संयम, शहाणपण हे त्यांचे थोर सद्गुण. खाली वाकणे त्या यादीत नव्हते. ख्रिस्ती लोकांनी तो हीन समजलेला शब्द उचलला आणि सद्गुणांच्या ओळीत आणून बसवला.

त्यांनी असे का केले? कारण त्यांच्या गुरूने एक काम केले होते. मरणाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. योहानाने ती लिहून ठेवली आहे. शिष्य जेवायला बसलेले. त्या देशात धुळीच्या वाटांनी चपला घालून माणसे येत. त्यांचे पाय धुणे हे घरातल्या गुलामाचे काम. येशू जेवणावरून उठला, अंगावरचे वस्त्र बाजूला ठेवले, कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागला. पेत्राला हे सोसवेना. तो नको नको म्हणू लागला. तेव्हा येशूने त्याला बजावले की, मला धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा काही संबंध नाही. ज्याने थोड्या वेळाने त्याला पकडून दिले त्या यहूदाचेही पाय त्याने धुतले.

ह्या प्रसंगात दोन धडे आहेत. पहिला आपण सर्व ओळखतो : मोठ्याने धाकट्याची सेवा करावी. दुसरा पेत्राचा धडा आहे आणि तो अवघड आहे : दुसऱ्याने केलेली सेवा घेता आली पाहिजे. पुष्कळ माणसे देताना फार नम्र असतात, पण घ्यायची वेळ आली की ताठ होतात. ‘मला कोणाचे उपकार नको’ हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. त्यातला अभिमान कधी तपासून पाहिला आहे का?

ख्रिस्ती मंडळींनी हा प्रसंग विसरला जाऊ दिला नाही. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, अनेक चर्चमध्ये धर्मगुरू लोकांचे पाय धुतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी हा विधी मोठ्या चर्चमध्ये न करता रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात केला. बारा तरुण कैद्यांचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही होते. जुन्या काळी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट ह्यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचे सातवे प्रकरण सबंध नम्रतेवर आहे आणि त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. म्हणजे हा गुण आपोआप अंगी येतो असे त्या लोकांनीही मानले नाही. पायरी पायरीने तो शिकावा लागतो.

आता येथे एक शंका उभी राहते, आणि ती रास्त आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी असते. भर पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर कमरेत वाकून बाया रोवणी करतात. त्यांच्या पाठी वाकलेल्याच असतात. त्यांना जाऊन ‘बायांनो, नम्र व्हा, वाका’ असे सांगायचे काय? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या खालीच बसवले, पाणवठ्यावर दूर उभे केले, त्याला खालच्या जागेचे महत्त्व सांगायचे काय?

नाही. तसे सांगणे म्हणजे नम्रतेच्या नावावर अन्याय करणे होय. पाठ गरजेने वाकली म्हणजे नम्रता आली असे नव्हे, आणि पाठ ताठ ठेवून आपला हक्क मागितला म्हणजे नम्रता गेली असेही नव्हे. येशूचेच उदाहरण पाहा. ज्याने पाय धुतले त्यानेच मंदिरात दुकाने मांडणाऱ्यांना हाकलून लावले होते. चौकशीच्या वेळी एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. माझे बोलणे चुकले असेल तर चूक दाखव, बरोबर असेल तर मारलेस का, असे त्याने विचारले. त्यात शिवी नव्हती आणि लाचारीही नव्हती.

म्हणून नम्रतेची पहिली मागणी वरच्या जागी बसलेल्याकडे असते. गुरूकडे आधी, शिष्याकडे मागून. मालकाकडे आधी, मजुराकडे मागून. नवऱ्याकडे, सासूकडे, मास्तरांकडे, पुढाऱ्यांकडे आधी. ज्याच्या हाती जागा आहे त्याने सरकायचे असते.

सरकण्यावरून एक खरी हकीकत सांगतो, आणि ती आपल्याच बाजूच्या रेल्वेशी निगडित आहे. साल १८९३. कवी नारायण वामन टिळक तेव्हा तिशीत होते. जन्म १८६१ चा, कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतात निष्णात. ते नाशिकहून राजनांदगावला निघाले होते. राजनांदगावला जायचे म्हणजे नागपूर सोडल्यावर भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड ह्याच वाटेने जावे लागते. त्या प्रवासात गाडीच्या डब्यात एक गोरा साहेब बसला होता. तो काळ इंग्रजी अमलाचा. गोऱ्याच्या डब्यात काळा माणूस शिरला म्हणजे काय ऐकावे लागेल ह्याचा नेम नसे. पण ह्या साहेबाने टिळकांना सौजन्याने जागा करून दिली. दोघांचे बोलणे संस्कृत काव्यावर सुरू झाले आणि मग धर्मावर आले. साहेबाचे नाव अर्नेस्ट वॉर्ड. ते मिशनरी होते. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. ते भाकीत टिळकांना त्या वेळी आवडले नाही. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि पाळले. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचता वाचता ते त्यात गुंतून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलावा की न बदलावा हा प्रश्न मी येथे घेत नाही. ज्याचा त्याने पाहावा. मला त्या बाकावरची जागा महत्त्वाची वाटते. साहेब सरकला नसता, तर ते बोलणेच झाले नसते. रेल्वेतले बाक काही साहेबाच्या घरचे नव्हते आणि सरकायला त्याला कष्टही पडले नाहीत. पण त्या काळात त्याच्यासारख्याने तसे करणे ही मोठी गोष्ट होती. नम्रता अनेकदा एवढीशीच असते. एक वीतभर सरकणे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या वडिलांचे सोवळे असे कडक की घरात आलेल्या धान्यापासून मिठापर्यंत सारे धुऊन घ्यावे लागे. त्या वातावरणात वाढलेल्या ह्या बाईवर नवरा ख्रिस्ती झाल्यावर आकाश कोसळले. चार-पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नगरकडे नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. त्यांना कोणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी आपल्याशीच विचार केला. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते हे खरे काय, असे स्वतःलाच विचारले. आणि ते खरे नाही असे ठरल्यावर सोवळे बाजूला ठेवले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत महार आणि मांग समाजातून आलेली माणसे पुष्कळ होती. त्यांच्यात हे कुटुंब आपले म्हणून राहिले.

लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. शाळेत न गेलेल्या ह्या बाईने मराठीतले एक उत्तम पुस्तक लिहिले. त्यात स्वतःचे अज्ञान, स्वतःची फजिती, जोडाक्षरे लिहिताना उडालेली तारांबळ हे सारे त्यांनी हसत हसत सांगितले आहे. नवऱ्याचा तापटपणाही लपवला नाही आणि स्वतःचाही राग लपवला नाही. आपल्या पुस्तकांत आपण सहसा स्वतःला उजळ करून दाखवतो. लक्ष्मीबाई स्वतःवर हसतात आणि वाचकाच्या मनात त्यांच्याविषयी आदर वाढतच जातो. स्वतःवर हसता येणे ही नम्रतेची फार चांगली खूण आहे.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी काढली. पगारावरचा पाळक म्हणून नव्हे, तर ह्या देशातला ख्रिस्ती संन्यासी म्हणून त्यांना जगायचे होते. १९१९ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्यांना जोडाक्षरे अडत होती त्यांनीच.

दुसऱ्याची भाषा शिकणे ही सुद्धा एक खालची जागा आहे. मोठा विद्वान माणूस नवी भाषा शिकू लागला म्हणजे तो पहिलीतल्या मुलासारखा होतो. त्याच्या चुकांना लोक हसतात. फादर स्टीफन्स हे इंग्लंडात १५४९ च्या सुमारास जन्मलेले जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, तेथेच राहिले. त्यांनी लोकांची भाषा शिकली, आपल्या पुराणांची ओवी उचलली, आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. ऐकणाऱ्याच्या पायरीपर्यंत स्वतः उतरल्यावाचून असे पुस्तक होत नाही. त्याच काळात गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती आणि त्या सत्तेने मंदिरे पाडली, माणसांवर जुलूम केले, हेही इतिहासात आहे. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. धर्माचे नाव घेऊन सत्ता वर बसते तेव्हा नम्रता कशी हरवते, ह्याचा तो दाखला आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपल्या अधिक जवळची. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. वय अवघे वीस वर्षांचे. एवढी मोठी जागा मिळाल्यावर माणूस तेथून हलत नाही. रमाबाई हलल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला भंडारा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. त्यांनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईबाप गमावले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळायचे नव्हते. अन्नान्न झालेल्या सुमारे ३०० मुली आणि विधवा त्यांनी आपल्या आश्रयाला नेल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथे मुली लिहायला शिकल्या, विणायला शिकल्या, शेती करू लागल्या, छापखानाही चालवू लागल्या.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. पाहिजे तेवढी भारदस्त मराठी त्यांना लिहिता आली असती. पण साध्या बाईला वाचता येईल अशी सोपी मराठी लिहायची, असे त्यांनी ठरवले. १९२२ साली त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर पडले. आपल्याजवळ आहे ती विद्या दुसऱ्याला दिपवण्यासाठी न वापरता त्याला कळावे म्हणून वापरणे, हा शिक्षकांसाठी नम्रतेचा केवढा तरी मोठा पाठ आहे.

शिक्षकांचे नाव निघाले म्हणून स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण दुसऱ्यांच्याच गोष्टी सांगत बसलो तर तो ढोंगीपणा होईल.

फार वर्षांपूर्वी मी सीमेकडच्या एका लहान शाळेत शिकवीत होतो. रोवणीचे दिवस. चौथीतला एक मुलगा तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, नदीला पूर होता. पल्याड मामाच्या गावी अडकलो होतो जी.’’ वर्गातला दुसरा एक पोरगा फिसकन हसला. मला वाटले, हा खोटे बोलतो. कोणाच्या तरी बांधीत पऱ्हे वाहायला गेला असणार. मी सर्वांसमोर त्याला खोटारडा म्हटले आणि पुढच्या बाकावरून उठवून अगदी मागे, दाराजवळ बसवले. तो काही बोलला नाही. पाटी घेऊन मागे गेला.

दोन दिवसांनी बाजारात त्याचा बाप भेटला. हात जोडून म्हणाला, ‘‘पोरगा पुरात अडकला जी गुरुजी, त्याचा अभ्यास बुडला. घ्या जरा सांभाळून.’’ त्याला शाळेतला प्रकार ठाऊकही नव्हता. पोराने घरी सांगितले नव्हते.

श्रोतेहो, चूक कळली त्याच क्षणी मी ती कबूल करायला हवी होती. पण मी बाजारात नुसता ‘बरं, बरं’ म्हणालो. रात्री मनाची समजूत घालू लागलो. मास्तरने पोरासमोर माफी मागितली तर वर्गाला धाक राहील काय? एवढ्यातेवढ्यावरून काय बिघडते? उद्या त्याला आपणहून पुढे बसवू, म्हणजे झाले. बोलायची गरज नाही. अशी एकेक पळवाट मी काढीत होतो. दुसऱ्या दिवशी मी ‘ये रे, पुढे बस’ म्हणालोसुद्धा. तो आला नाही. ‘‘मी येथेच बरा आहे जी,’’ म्हणाला.

तेव्हा मला समजले. मी त्याला जागा परत देत होतो, त्याचे नाव परत देत नव्हतो. सर्वांसमोर खोटारडा म्हटले होते. ते सर्वांसमोरच पुसायला हवे होते. आणखी एक दिवस गेला. मग मी खुर्चीवरून उठलो, दाराजवळ त्याच्या बाकापाशी गेलो आणि वर्गाला ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘हा खरे बोलला होता. खोटा मी ठरलो. माझे चुकले.’’ एवढे चार शब्द बोलायला मला चार दिवस लागले. वर्ग गप्प. तो मुलगा उठला, पाटी उचलली आणि विचारले, ‘‘मग गुरुजी, आता पुढं बसू का जी?’’

वर्गाचा धाक काही कमी झाला नाही. उलट त्या वर्षी मुले गैरहजेरीची खरी कारणे सांगू लागली. कोणी शेतावर गेलो म्हणाले, कोणी लहान बहिणीला सांभाळायला राहिलो म्हणाले. त्यांची खरी अडचण कळली म्हणून काही जणांना संध्याकाळी शिकवण्याची सोय करता आली. मी चुकलो नाही असे दाखवीत राहिलो असतो, तर हे मला कधीच कळले नसते.

तेव्हा रोजच्या जगण्यात ही नम्रता कशी आचरावी? मोठे व्रत घ्यायची गरज नाही. चार-पाच साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, चूक झाली तर ती जेथे झाली तेथेच आणि ज्याच्यावर झाली त्याच्यासमोर कबूल करावी. फळ्यावर गणित चुकले आणि मुलाने दाखवले, तर त्याला ‘शाबास, तू बरोबर’ म्हणावे. घरी ओरडलो तर घरीच माफी मागावी. देवळात किंवा चर्चमध्ये जाऊन देवाजवळ मागितलेली माफी चांगलीच, पण जिच्यावर ओरडलो ती बाई स्वयंपाकघरात असते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपल्या मराठीत ‘तू’ आहे आणि ‘तुम्ही’ आहे. सत्तर वर्षांचा मजूर शेतावर येतो आणि मालकाचा दहा वर्षांचा मुलगा त्याला ‘ए, इकडे ये’ म्हणतो. त्याच मुलाला शाळेत आपण नम्रतेचे सुविचार पाठ करायला लावतो! त्या म्हाताऱ्याला नावाने, ‘बाबा’ किंवा ‘काका’ जोडून, ‘तुम्ही’ म्हणून हाक मारायला शिकवावे. फळ्यावरच्या दहा सुविचारांपेक्षा ही एक हाक मुलाला अधिक शिकवील.

तिसरी, ज्याचे आहे ते वेळेवर द्यावे. मजुरी दिवस मावळताना हातात ठेवावी. दहा खेटे घालायला लावू नयेत. देताना उपकार केल्याचा आव आणू नये, कारण ती त्याच्या घामाची किंमत आहे.

चौथी, खुर्चीची. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंचबाई निवडून येतात, पण कित्येक ठिकाणी खुर्चीत नवरा बसलेला दिसतो आणि बाई बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभी. त्या नवऱ्याने उठावे. ती त्याची जागा नाही. आणि ग्रामसभेत मागच्या कोपऱ्यातून एखादी बाई बोलू लागली, तर पुढच्यांनी मागे वळून तिचे पुरते ऐकावे.

पाचवी, मदत घ्यायला शिकावे. शेजाऱ्याने बैलजोडी देऊ केली, सुनेने औषधाची वेळ सांगितली, नातवाने मोबाइल कसा चालवायचा ते दाखवले, तर ‘मला सगळे समजते’ असे न म्हणता शिकून घ्यावे. पेत्राला जे जड गेले तेच हे.

मात्र एक सावधगिरी ठेवा. नम्रता ही अशी वस्तू आहे की ती आपल्याजवळ आहे असे वाटू लागले की समजावे, ती निसटली. येशूने दोन माणसांची गोष्ट सांगितली. दोघे मंदिरात प्रार्थनेला गेले. एक परूशी, फार धार्मिक. त्याने आपल्या उपासांची आणि दानाची यादी देवाला ऐकवली, आणि पलीकडे उभ्या असलेल्या जकातदारासारखा मी नाही म्हणून देवाचे आभार मानले. जकातदार दूर उभा राहिला, वर पाहायलाही धजला नाही. त्याने फक्त दया मागितली. येशूच्या मते देवाला दुसऱ्याची प्रार्थना पोचली. आता ही गोष्ट ऐकून आपण लगेच म्हणतो, ‘बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही!’ आणि हे म्हणता म्हणता आपणच परूशी होऊन बसतो. हात जोडून, मान वाकवून, ‘मी तर आपला क्षुद्र सेवक’ म्हणणारे पुढारी आपण पाहिले आहेत. वाकलेल्या मानेवरून काही ठरत नाही. त्याने कोणासाठी जागा केली, हे विचारावे.

आपल्या धानाच्या बांध्या पाहा. पाणी वरच्या बांधीत साचते आणि धुऱ्याच्या तोंडातून खालच्या बांधीत उतरते. वरच्या शेतकऱ्याने आपले भरल्यावरही तोंड मोकळे केले नाही, तर खालचे धान वाळते. आणि जास्त पाऊस आला म्हणजे वरचाच धुरा फुटतो. वरच्या बांधीला हे कोणी शिकवावे लागते काय? शेतकऱ्याला शिकवावे लागते. कुदळ त्याच्या हातात असते, आणि तोंड कधी मोकळे करायचे हे ठरवणे त्याच्याकडे असते.

तेव्हा पुढच्या लग्नात मांडवात शिराल तेव्हा वरच्या जागेकडे जाण्याआधी जरा सभोवती पाहा. दाराशी कोणी अवघडून उभे असेल. त्याला हाताला धरून आत आणा, शेजारी बसवा आणि मग दोघे मिळून जेवा.